प्रत्यारोपणानंतरचं औषध सगळ्या शरीराला की फक्त नव्या अवयवापुरतं?

मेघना_इंदिरानगर

टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन. शरीरानं नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी ही औषधं. ज्यांच्या घरात प्रत्यारोपण झालंय त्यांना ही नावं पाठ असतात. आमच्या दादाला आईची किडनी बसवली तेव्हापासून सकाळी आठ आणि रात्री आठ या वेळा घरात कुणी हलवत नाही. मी फार्मसी शिकवते, आणि औषध शरीरात कुठे, किती, कसं पोहोचतं हाच माझा विषय. त्यामुळे एक प्रश्न मनातून जात नाही: शरीर नाकारणार आहे ते एका अवयवाला, मग औषध नखशिखांत सगळ्या शरीरानं का सोसायचं?

जगात बऱ्याच प्रयोगशाळा याच प्रश्नावर काम करताहेत. औषध धरून ठेवणारा एखादा पदार्थ, म्हणजे जेल, पातळ पापुद्रा किंवा डोळ्याला न दिसणारे बारीक गोळे, नव्या अवयवाला लागून ठेवायचा आणि औषध तिथेच हळूहळू सुटू द्यायचं, अशी ती कल्पना. यातला मला सगळ्यात आवडलेला प्रयोग २०१४ मधला आहे. बोस्टनचे जेफ्री कार्प, बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेतले प्रवीण वेमुला आणि स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे रॉबर्ट रीबेन यांच्या गटांनी मिळून तो केला. ट्रायग्लिसेरॉल मोनोस्टिअरेट नावाचा एक साधा स्निग्ध पदार्थ असतो. तो गरम करून थंड केला की त्याचे सूक्ष्म तंतू जुळून जेल तयार होतं. तयार होताना त्यात टॅक्रोलिमस घातलं, तर ते तंतूंमध्ये अडकून बसतं. एका जातीच्या उंदराचा मागचा पाय दुसऱ्या जातीच्या उंदराला जोडला आणि हे जेल त्या पायात कातडीखाली एकदाच टोचलं. काहीच औषध न दिलेल्या उंदरांनी नवा पाय पंधरवड्याच्या आत नाकारला. नुसतं टॅक्रोलिमस त्याच जागी टोचलं तेव्हा पाय थोडे जास्त टिकले. जेलमधून दिलेल्यांचे पाय १०० दिवसांच्या पुढे गेले.

यातली खरी कमाल जेलच्या वागण्यात आहे. प्रतिकारशक्ती नव्या अवयवावर हल्ला करते तेव्हा तिथे सूज येते आणि सुजेच्या जागी काही एन्झाइम्स वाढतात. ही एन्झाइम्स जेलमधले रासायनिक बंध तोडतात आणि मग औषध बाहेर पडतं. हल्ला जितका जोरात, तितकं औषध जास्त. सगळं शांत असेल तर जेलही जवळपास शांत. गोळीला हे जमत नाही. ती आठला घेतली की घेतली, अवयवाला त्या दिवशी गरज असो वा नसो.

नाशिकमधल्या डॉक्टरांनी, रुग्णांच्या घरच्यांनी आणि विद्यार्थ्यांनी इथे लिहावं, म्हणून धागा काढलाय.

आडगावकर_डॉ

मेघनाताई, विषय काढलात ते फार बरं झालं. मी नेफ्रॉलॉजीत, म्हणजे किडनीच्या आजारांच्या विभागात, काम करतो, म्हणून आधी या गोळ्यांचं ओझं किती असतं ते लिहितो. त्याशिवाय जेलचं महत्त्व लक्षात येणार नाही.

टॅक्रोलिमसची उपयोगी पातळी आणि त्रासदायक पातळी यांच्यातलं अंतर फार कमी आहे. म्हणून सकाळची गोळी घेण्याआधी रक्त काढून लेव्हल बघावी लागते. कमी पडली तर अवयव जाण्याची भीती, जास्त झाली तर हात थरथरणं, रक्तदाब, साखर वाढणं, वारंवार संसर्ग. सगळ्यात जीवावर येतं ते हे, की हे औषध खुद्द किडनीलाही इजा करतं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ६९,३२१ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. यांना किडनी सोडून दुसरे अवयव बसवलेले होते: यकृत, हृदय, फुफ्फुस, आतडं. पाच वर्षांत किडनीचं काम कायमचं फार घटण्याचं किंवा ती निकामी होण्याचं प्रमाण अवयवानुसार साधारण ७ ते २१ टक्के निघालं. याच्या कारणांमध्ये टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ज्या गटातली आहेत त्या औषधांचा वाटा मोठा आहे. म्हणजे यकृत वाचवलं आणि काही जण डायलिसिसच्या दारात गेले.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, टीबी. प्रत्यारोपण झालेल्याला टीबी झाला आणि रिफॅम्पिसिन सुरू केलं की टॅक्रोलिमसची लेव्हल धाडकन खाली येते, कारण यकृत ते औषध झपाट्यानं मोडायला लागतं. अशा रुग्णाला सांभाळताना रोज जीव टांगणीला लागतो. औषध अवयवापाशीच असतं तर ही ओढाताण बरीच कमी झाली असती.

पिंपळगावची_बाग

नमस्कार मंडळी. मी शेतकरी माणूस, द्राक्षाची बाग आहे. आमच्या मंडळींचा एक डोळा बदललाय, म्हणजे कॉर्निया, बुबुळावरची पारदर्शक काच, बसवलाय. दिवसातून कितीतरी वेळा थेंब टाकायचे असतात. छाटणीच्या दिवसांत घरात कोण नसतं, तेव्हा त्यांचे त्यांनाच टाकावे लागतात, आणि हात थरथरला की थेंब गालावर.

मेघनाताईंनी लिहिलं ते वाचून मला आमचं ठिबक आठवलं. पूर्वी पाटानं पाणी द्यायचो, खत पण त्यातच. निम्मं तणाला जायचं, निम्मं जमिनीत खोल. आता व्हेंचुरीतून विद्राव्य खत थेट मुळापाशी जातं. तुम्ही म्हणता तेही असंच ना? मग दोन शंका. टाकीतलं खत संपतं तसं जेलमधलं औषध संपल्यावर काय करायचं? आणि दुसरी, कुणीतरी सांगितलं की असल्या औषधांवर द्राक्षं खायची नाहीत. आमच्या घरात द्राक्ष खायचं नाही म्हणजे अवघड आहे.

आडगावकर_डॉ

दादा, दुसऱ्या शंकेचं आधी. द्राक्षं चालतात. मनाई आहे ती ग्रेपफ्रूटला. ते संत्र्या-मोसंबीच्या कुळातलं फळ, द्राक्षाशी त्याचा काही संबंध नाही. त्यातल्या काही द्रव्यांमुळे मुख्यतः आतड्यातलं टॅक्रोलिमस मोडणारं एन्झाइम बंद पडतं आणि रक्तातली पातळी वाढते. आपल्याकडे ग्रेपफ्रूट फारसं कुणी खात नाही, पण पपनस खातात, आणि ते त्याचंच भावंड आहे. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनच्या गोळ्या चालू असलेल्यांनी पपनस टाळावं. तुमच्या मंडळींना फक्त डोळ्यात थेंब चालू असतील तर तोही प्रश्न नाही.

मेघना_इंदिरानगर

दादा, ठिबकचं अगदी बरोबर ओळखलंत. फरक एवढाच की या जेलमध्ये पाणी किती सोडायचं ते मूळच ठरवतं.

औषध संपण्याचा प्रश्न मात्र या सगळ्या संशोधनातला सर्वात अवघड प्रश्न आहे. प्रत्यारोपण आयुष्यभराचं, जेल काही महिन्यांचं. एक मार्ग म्हणजे ठरावीक काळानं पुन्हा टोचणं. हात किंवा त्वचा यांच्याबाबत ते शक्य आहे, कारण सुई तिथे सहज पोहोचते. पोटातल्या किडनीला वेढून पुन्हा पुन्हा जेल घालणं ही वेगळी गोष्ट.

दुसरा मार्ग म्हणजे हळू विरघळणारे पॉलिमर. पीएलजीए हे त्यातलं सगळ्यात रुळलेलं. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांच्या कड्या जोडून ते बनतं. शरीरातल्या पाण्यानं त्या कड्या सुट्या होतात आणि उरलेलं शरीर पचवून टाकतं. आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांचे धागे याच घराण्यातले. दोन आम्लांचं प्रमाण आणि साखळीची लांबी बदलली की ते काही आठवड्यांत संपवायचं की कित्येक महिने टिकवायचं, हे ठरवता येतं. त्याची खोड अशी की सुरुवातीला पृष्ठभागाजवळचं औषध एकदम बाहेर येतं. पहिल्या दिवसांत नको इतकं आणि शेवटी हवं त्याहून कमी, असा आलेख मिळतो. माझ्या विद्यार्थ्यांचे निम्मे प्रयोग हा पहिला उसळता भाग कसा दाबायचा यातच जातात.

मुंबईनाका

वाचतोय. बाबांना अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवला तेव्हा कागदावर सिरोलिमस असं लिहिलं होतं. हेही प्रत्यारोपणाचं औषध आहे ना? मग ते हृदयाच्या नळीत काय करतंय?

मेघना_इंदिरानगर

बरोबर पकडलंत. तुमच्या बाबांच्या छातीत याच कल्पनेचं सगळ्यात यशस्वी रूप बसलेलं आहे.

सिरोलिमसचा जन्म ईस्टर बेटाच्या मातीतला. १९६४ मध्ये एका वैद्यकीय मोहिमेनं तिथली माती गोळा केली. तिच्यातल्या जीवाणूपासून हे औषध वेगळं करण्यात भारतीय वंशाचे सुरेन सहगल यांचा मोठा हात होता. त्यांच्या कंपनीनं मध्ये काम बंद केलं, तरी त्यांनी तो जीवाणू स्वतःच्या घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. १९९९ मध्ये अमेरिकेत किडनी प्रत्यारोपणासाठी औषधाला मान्यता मिळाली. सहगलांची ही चिकाटी मी दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी माझाच कंठ दाटून येतो.

स्टेंटमध्ये त्याचं काम वेगळं आहे. तिथे परका अवयव नसतो, म्हणून नाकारण्याचा प्रश्न नाही. धातूची जाळी बसवल्यावर नळीच्या भिंतीतल्या पेशी वाढून ती पुन्हा अरुंद होते, ते सिरोलिमस थांबवतं. जाळीवरच्या पॉलिमरच्या थरातून औषध काही आठवडे सुटत राहतं. असा पहिला स्टेंट युरोपात २००२ मध्ये आणि अमेरिकेत २००३ मध्ये मान्य झाला. जागच्या जागी औषध सोडणारा पदार्थ माणसात रोजच्या वापरात येऊ शकतो, याचा हा धडधडीत पुरावा आहे.

सिडको_नाशिक

उत्साह चांगला आहे, पण थोडं थंड पाणी ओततो. उंदरांच्या प्रयोगांवरून माणसाला आशा दाखवणं मला पटत नाही. उंदरांमध्ये प्रत्यारोपण टिकवणाऱ्या कितीतरी गोष्टी पुढे माणसात टिकल्या नाहीत. उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात वाढतो, माणूस नाशिकच्या द्वारका चौकातली धूळ आणि धूर खातो, दहा संसर्ग अंगावर काढतो. त्याच्या प्रतिकारशक्तीला आयुष्यभराची आठवण असते. शिवाय नाकारण्याची सगळी प्रक्रिया अवयवातच होते असं कुठंय?

आडगावकर_डॉ

सिडको, तुमचा शेवटचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दात्याच्या अवयवाबरोबर त्याच्या काही पेशीही येतात. त्यातल्या डेंड्रिटिक पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या खबऱ्या पेशी, अवयवातून निघून रुग्णाच्या लसीकाग्रंथींत आणि प्लीहेत जातात. परका आलाय, ही वर्दी टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या हल्ला करणाऱ्या पेशींना, तिथे मिळते. टी पेशी तिथे वाढतात, तयार होतात आणि मग रक्तातून अवयवाकडे येतात. म्हणजे हल्ल्याची तयारी ग्रंथींत आणि प्रत्यक्ष हल्ला अवयवात. औषध फक्त अवयवापाशी ठेवलं तर तयारी चालूच राहते, आपण वेशीवर अडवत बसतो. अँटिबॉडीमुळे होणारं रिजेक्शन, म्हणजे अवयव नाकारणं, तर आणखी वेगळं. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी अवयवापासून दूर असतात.

म्हणून किडनी, यकृत, हृदय यांच्याबाबत नजीकच्या काळात गोळ्या पूर्ण बंद होतील असं मी कुठल्याही रुग्णाला सांगणार नाही. गोळ्यांचा डोस खाली आणता येईल का, हा प्रश्न मात्र अगदी व्यवहार्य आहे. डोस थोडा जरी उतरला तरी किडनीवरचा भार आणि संसर्ग कमी होतील.

प्राण्यांचं म्हणाल तर हेच जेल पुढे डुकरांवर वापरलं गेलं, २०१९ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. डुकराची त्वचा आणि प्रतिकारशक्ती आपल्याला बरीच जवळची. औषध न दिलेल्यांनी पाय काही दिवसांत नाकारला, जेल दिलेल्यांचे पाय कित्येक आठवडे टिकले. उंदरांइतकं लख्ख यश नव्हतं. माझ्या मते हे प्रामाणिक आणि उपयोगी उत्तर आहे.

सिडको_नाशिक

हे पटलं. धन्यवाद डॉक्टर. मग याचा पहिला फायदा कुणाला होईल असं वाटतं?

आडगावकर_डॉ

हात बसवलेल्यांना, असं मला वाटतं. भारतात पहिलं हाताचं प्रत्यारोपण जानेवारी २०१५ मध्ये कोचीत झालं, नंतर मुंबईतही झाली. हाताला त्वचा असते आणि नाकारण्याची सुरुवात बहुधा त्वचेतच होते, सगळ्यात जोरातही तिथेच. पण त्वचा डोळ्यांना दिसते, लाल चट्टा उठला की कळतं, तिथे टोचता येतं, तुकडा काढून तपासता येतो. आणि मुख्य म्हणजे हात हा जीव वाचवणारा अवयव नाही. धडधाकट तरुणाला हातासाठी आयुष्यभर संसर्ग आणि कर्करोगाचा धोका पत्करायला लावताना डॉक्टरचंही मन कचरतं. औषध हातापुरतं राहिलं तर तो निर्णय पुष्कळ सोपा होईल.

शर्वरीची_आई

पहिल्यांदाच लिहितेय. मुलीला टाइप १ मधुमेह आहे, लहान वयात झाला. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच बसवतात असं ऐकलं. त्यात हे जेल वापरतात का? तिला आयुष्यभर या गोळ्या घ्याव्या लागणार असतील तर इन्सुलिनच बरं, असं मला वाटतं. बरोबर आहे का?

मेघना_इंदिरानगर

ताई, तुमचा विचार अगदी योग्य आहे, आणि याच कारणासाठी हे संशोधन जिवाच्या आकांतानं चाललंय.

स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांना आयलेट म्हणतात. २००० मध्ये कॅनडातल्या एडमंटन इथे जेम्स शॅपिरो यांच्या गटानं ७ रुग्णांच्या यकृतात आयलेट सोडले आणि सातही जणांचं इन्सुलिन सुटलं. जगभर आनंद झाला. पुढे अनेक केंद्रांनी मिळून ३६ जणांवर तेच केलं, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. एका वर्षानंतर ३६ पैकी १६ जण इन्सुलिनशिवाय होते, दोन वर्षांनी त्यातले ५ उरले. आणि सगळ्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू. म्हणून आजही हा उपचार मोठ्या माणसांपुरता आहे, तोही साखर वारंवार धोकादायक खाली जाणाऱ्यांसाठी.

गोळ्या टाळायचा एक जुना मार्ग म्हणजे आयलेट आवरणात गुंडाळणं. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या बारीक थेंबांत ते बंद करायचे. साखर आत जाते, इन्सुलिन बाहेर येतं, पण टी पेशींना आत शिरता येत नाही. १९८० मध्येच लिम आणि सन यांनी उंदरांमध्ये हे दाखवलं होतं. मग इतकी वर्षं अडलं कुठे? शरीरानं आयलेटला सोडलं आणि आवरणालाच परकं ठरवलं. मॅक्रोफेज, म्हणजे परक्या वस्तू गिळणाऱ्या पेशी, त्याला चिकटतात, भोवती घट्ट तंतूंचा थर जमतो आणि आतले आयलेट प्राणवायूवाचून मरतात.

इथे औषध सोडणारा पदार्थ पुन्हा कामाला येतो. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या रॉबर्ट लँगर आणि डॅनियल अँडरसन यांच्या गटानं २०१९ मध्ये दाखवलं, की मॅक्रोफेजना रोखणारं एक औषध स्फटिकाच्या रूपात आवरणात ठेवलं तर ते फार सावकाश विरघळतं. प्राण्यांमध्ये त्यामुळे हा थर कित्येक महिने जमला नाही, काही प्रयोगांत वर्षाहून अधिक. वेगळं पॉलिमर लागलं नाही, स्फटिकाचा घट्टपणाच पुरला. औषधशास्त्राची शिक्षिका म्हणून मला हा साधेपणा फार भावला.

मुलीच्या उपचारात आज यातलं काही बसत नाही. पण ती मोठी होईल तेव्हा चित्र वेगळं असू शकतं, असं मी मनापासून म्हणते.

शर्वरीची_आई

ताई, डोळे भरून आले. तिला वाचून दाखवते.

म्हसरूळ_फार्म

मॅडम, मी एम.फार्म.च्या पहिल्या वर्षाला आहे. अशा जेलवर आपल्याकडे, म्हणजे नाशिकच्या कॉलेजांत, काही करता येईल का? की हे सगळं बोस्टनलाच?

मेघना_इंदिरानगर

येईल की. जेल बनवायला लागतं ते हीटर, तोलकाटा आणि संयम. बफर द्रावणात ३७ अंशांवर जेल ठेवून किती औषध सुटतं हे एचपीएलसीवर, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजता येतं, आणि एचपीएलसी आता बऱ्याच कॉलेजांत आहे. एका संचात लायपेज, म्हणजे स्निग्ध पदार्थ तोडणारं एन्झाइम, टाक, दुसऱ्यात नको. सुटण्यात फरक पडतो का ते बघ. टॅक्रोलिमस पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे बाहेरचं द्रावण कोणतं घ्यायचं यावर आधी डोकं लाव, नाहीतर आकडे फसवतील. प्राण्यांवरच्या प्रयोगाला संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी लागते, ते पहिल्या वर्षी मनात आणू नकोस. सविस्तर हवं असेल तर व्यनि कर.

सातपूरकर

एक कळकळीची विनंती. असे धागे वाचून कुणी गोळी चुकवू नका. माझ्या मावसभावाला बरं वाटायला लागलं, गोळ्या महाग पडत होत्या, तर एक वेळची गोळी त्यानं आपल्या मनानं बंद केली. दुसऱ्याची मिळालेली किडनी गेली आणि आता आठवड्याला डायलिसिस. खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ट्रस्टची मदत, दुसऱ्या कंपनीचं तेच औषध, काहीतरी वाट निघते.

आडगावकर_डॉ

+१. फक्त कंपनी बदलताना डॉक्टरांना कळवूनच बदला आणि नंतर लेव्हल तपासा. टॅक्रोलिमसमध्ये कंपनी बदलल्यावर पातळी थोडी सरकू शकते.

पिंपळगावची_बाग

डॉक्टर, एक राहिलंच. डोळ्यासाठी असं काही आहे का? थेंबांऐवजी एकदाच घालायचं?

आडगावकर_डॉ

दादा, मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, पण जे माहीत आहे ते सांगतो. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड पीएलजीएच्या बारीक कांडीत भरून डोळ्याच्या आत टोचतात. डोळ्यामागच्या पडद्याच्या सुजेसाठी अमेरिकेत २००९ पासून त्याला मान्यता आहे, आपल्याकडेही वापरतात. काही महिने औषध सुटतं आणि कांडी विरघळून जाते. कॉर्निया नाकारू नये म्हणूनही काही ठिकाणी ते वापरून पाहिलंय, पण तो नेहमीचा उपचार नाही. डोळ्यातला दाब वाढणं आणि मोतीबिंदू हे त्याचे धोके. शिवाय ज्यांच्या डोळ्यात भिंगामागची पिशवी शाबूत नाही, त्यांच्यात ती कांडी पुढे सरकते आणि कॉर्नियालाच इजा करते. त्यामुळे ते कुणाला घालायचं हे डोळ्यांचे डॉक्टरच ठरवतील.

तोवर थेंब सोडू नका. हात थरथरत असेल तर आडवं झोपून, खालची पापणी ओढून टाकायला सांगा. थेंब टाकायला मदत करणारी छोटी साधनं मिळतात, तीही विचारून घ्या. आणि डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, दुखायला लागला किंवा अंधुक दिसलं, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सकाळची वाट बघू नका. कॉर्नियाचं रिजेक्शन लवकर पकडलं तर बहुतेक वेळा परतवता येतं.

पिंपळगावची_बाग

लिहून भिंतीला लावतो डॉक्टर. आणि पपनसाचं झाड बांधावर आहे, शेजारच्या काकांची किडनी बदललेली आहे, त्यांना आजच जाऊन सांगतो.